व्हीआरएफ की चिल्ड वॉटर? मध्यम आकाराच्या व्यापारी इमारतीसाठी एक तुलना

सुमारे दीडशे ते चारशे टन (एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट थंडावा) वातानुकूलनाची गरज असलेल्या व्यापारी इमारतीच्या नियोजनात एक टप्पा असा येतो, की सल्लागार दोन प्रस्ताव टेबलावर ठेवतो आणि निर्णय व्यवस्थापनावर सोपवून मोकळा होतो. एका प्रस्तावात गच्चीवरील आउटडोअर युनिटांपासून प्रत्येक खोलीपर्यंत तांब्याच्या नळ्यांतून शीतक (बोलीभाषेत ‘गॅस’) फिरवणारी व्हीआरएफ (व्हेरिएबल रेफ्रिजरंट फ्लो) यंत्रणा असते. दुसऱ्यात प्लांट रूममधील चिलर (पाणी थंड करणारे यंत्र), त्याची उष्णता बाहेर टाकणारा गच्चीवरील कूलिंग टॉवर आणि मजल्यांवर फिरणारे थंड पाणी. याहून लहान इमारतीला चिलरचा व्याप झेपत नाही, आणि हजार टनांच्या इमारतीत व्हीआरएफचा विचार सहसा कोणी करत नाही. खरी ओढाताण या मधल्या पट्ट्यात आहे. मी काही वर्षे व्हीआरएफ असलेल्या एका कार्यालयीन इमारतीची देखभाल पाहिली आहे. त्यानंतर दुसऱ्या एका इमारतीसाठी यंत्रणा निवडणाऱ्या समितीत होतो आणि सध्या तेथे निवडलेली चिल्ड वॉटर यंत्रणा चालवतो. पुढील तुलना त्या अनुभवावर उभी आहे. प्रयोगशाळेतील मोजमापाचा दर्जा तिला नाही, आणि ती पूर्णपणे तटस्थ आहे असा माझा दावाही नाही.

दोन्ही यंत्रणा कशा चालतात हे वाचकाला ठाऊक आहे असे गृहीत धरतो. किंमत, जागा आणि बसवण्याचा वेळ यांविषयी विक्रेते पुरेसे बोलतात. येथे प्रश्न पर्यावरणावरील भाराचा आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या आकडेवारीनुसार जगातील अंतिम ऊर्जावापरापैकी सुमारे ३० टक्के ऊर्जा इमारती चालवण्यात खर्च होते आणि ऊर्जेशी निगडित उत्सर्जनाचा सुमारे चौथा हिस्सा इमारतींच्या नावावर पडतो. यात घरेही आली. पण उष्ण हवामानातील व्यापारी इमारतीत वीजबिलाचा सर्वांत मोठा भाग वातानुकूलनाचा असतो, हे कोणत्याही इमारतीचे पॅनेल उघडून पाहिले तरी कळते. वातानुकूलनाचा भार तीन वाटांनी पर्यावरणावर पडतो: वीज, पाणी आणि शीतक. माझ्या पाहण्यातील बहुतेक तुलना पहिल्या वाटेवरच थांबतात, दुसरीचा ओझरता उल्लेख करतात आणि तिसरी सोडून देतात.

विजेपासून सुरुवात करू. विक्रेते पूर्ण भारावरील कार्यक्षमतेचा आकडा पुढे करतात, पण निर्णयासाठी त्या आकड्याचा उपयोग फार थोडा आहे, कारण इमारत वर्षातील मोजकेच तास पूर्ण भारावर चालते. चिलरची अंशभारावरील एकत्रित कार्यक्षमता काढण्याच्या एएचआरआय या उत्पादकांच्या संघटनेच्या पद्धतीत १०० टक्के भाराला अवघे १ टक्का महत्त्व दिलेले आहे. ७५ टक्के भाराला ४२, ५० टक्के भाराला ४५ आणि २५ टक्के भाराला १२. म्हणजे यंत्र अर्ध्या-पाऊण भारावर कसे वागते यावरच वर्षभराचे बिल ठरते. येथे व्हीआरएफची बाजू भक्कम आहे. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर भार उतरेल तसा वेग उतरवतो, थंडावा थेट खोलीत पोहोचतो, आणि थंड पाणी फिरवणारे पंप, टॉवरचे पंखे, मोठ्या एएचयूचे (थंड पाण्याच्या कॉइलवरून हवा फिरवणाऱ्या पेट्यांचे) पंखे हा सगळा मधला खर्च वाचतो.

चिलरच्या बाजूने बोलणारे लोक हा मधला खर्च सोयीस्करपणे विसरतात. पाण्याने थंड होणारा चांगला चिलर एका टनामागे ०.६ किलोवॉटच्या आत काम करतो हे खरे आहे, परंतु पंप आणि टॉवर धरून संपूर्ण प्लांटचा आकडा त्याहून बराच वर जातो. किती वर जाईल हे यंत्रावर कमी आणि प्लांट चालवणाऱ्यावर अधिक अवलंबून असते. पंपांना व्हीएफडी (वेग कमीजास्त करणारी उपकरणे) असतील आणि मजल्यांवर नको असलेले पाणी अडवणारे टू-वे व्हॉल्व असतील, तर भार घटताच पाण्याचा प्रवाहही घटतो. पंपाचा वेग ८० टक्क्यांवर आला की लागणारी शक्ती तत्त्वतः ५१ टक्क्यांपर्यंत उतरते, कारण शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. याउलट नको असलेले पाणी कॉइलला वळसा घालून परत पाठवणारे थ्री-वे व्हॉल्व बसवलेल्या किंवा कॉइल मळलेल्या इमारतीत परतीचे पाणी पुरेसे तापत नाही. जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्यात साडेपाच अंशांचा फरक धरून आखणी केलेली असते, प्रत्यक्षात तीन अंशांचाच मिळतो, आणि तेवढ्याच थंडाव्यासाठी जवळपास दुप्पट पाणी फिरवावे लागते. असा प्लांट कागदावर कितीही कार्यक्षम असला तरी व्हीआरएफपुढे हरतो.

व्हीआरएफच्या कागदावरील आकड्यांनाही प्रत्यक्षात कात्री लागते. आउटडोअर युनिटे गच्चीवर दाटीवाटीने बसवली किंवा दर्शनी भागाच्या जाळीमागे कोंबली, की एका युनिटाने टाकलेली गरम हवा शेजारचे युनिट आत ओढते. बाहेर ३८ अंश तापमान असताना यंत्राला मात्र ४५ अंशांच्या हवेत काम करावे लागते. नळीची लांबी आणि चढउतार वाढेल तशी क्षमता घटते, तीही त्या तक्त्यांत दिलेली असते जे निविदेच्या वेळी कोणी उघडत नाही. शिवाय हवा ओल्या टॉवरइतकी थंड कधीच नसते. चिलर आपली उष्णता ओल्या थर्मामीटरच्या (ओले कापड गुंडाळलेल्या, म्हणून कमी दिसणाऱ्या) तापमानाच्या जवळपास फेकू शकतो, आणि कोरड्या हवामानात हा फायदा मोठा असतो. या सगळ्याची गोळाबेरीज माझ्या अनुभवात अशी आहे, की क्षेत्रफळाच्या हिशेबाने दोन्ही इमारतींची बिले फारशी वेगळी नव्हती. चिलरची इमारत किंचित सरस असेल, पण तिच्या काचाही चांगल्या आहेत, त्यामुळे त्या फरकावर मी भर देणार नाही. केवळ विजेसाठी एखाद्याने व्हीआरएफ निवडली, तर त्याच्याशी वाद घालण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही.

कामाच्या वेळेबाहेरच्या वापराचा मुद्दा मात्र स्पष्ट आहे आणि तो व्हीआरएफच्या बाजूचा आहे. सुटीच्या दिवशी एका भाडेकरूचे दहा लोक कामावर आले, तर व्हीआरएफमध्ये तेवढीच एक यंत्रणा चालू होते. तीनशे टनांच्या चिलरला पंधरा टनांसाठी जागे करणे म्हणजे तो सतत चालू-बंद होणार, सेंट्रिफ्युगल असेल तर सर्ज होणार (शीतकाचा प्रवाह उलटून यंत्र हादरणार), आणि पंप-टॉवरची वीज वेगळीच जाणार. याला उपाय आहे. दोन मोठ्या चिलरांसोबत एक लहान स्क्रू किंवा स्क्रोल चिलर रात्रपाळीसाठी ठेवावा, आणि सर्व्हर रूमला स्वतंत्र यंत्रणा द्यावी. आमच्याकडे तसेच आहे आणि ते पुरते. परंतु हा लहान चिलर निविदेतील पहिली काटछाट म्हणून उडवला जाण्याची शक्यता खूप असते. तो उडाला, तर पुढील सगळ्या युक्तिवादाचे वजन निम्मे होते. भाडेकरूंना बिल वाटण्याच्या बाबतीत चिल्ड वॉटर थोडे उजवे आहे, कारण बीटीयू मीटर प्रत्यक्ष वापरलेला थंडावा मोजतो, तर व्हीआरएफचे सॉफ्टवेअर व्हॉल्व किती उघडला यावरून वीज वाटून देते आणि त्यावरून होणारे वाद व्यवस्थापकाला निस्तरावे लागतात.

पाण्याच्या हिशेबात चिलर सरळ मागे पडतो. एक किलोवॉट-तास उष्णता बाष्पीभवनाने बाहेर टाकायला सुमारे दीड लिटर पाणी जाते. तीनशे टनांचा प्लांट पूर्ण भारावर सुमारे १,२०० किलोवॉट उष्णता टॉवरकडे पाठवतो, म्हणजे तासाला सुमारे १,८०० लिटर पाणी वाफ होऊन उडते. साचलेले क्षार बाहेर काढण्यासाठी सोडावे लागणारे पाणी त्याच्या वर. पाणीटंचाईच्या प्रदेशात हा आकडा पाहून कोणी मागे सरले तर ते योग्यच आहे. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. औष्णिक वीजकेंद्रालाही थंड व्हावे लागते, आणि टॉवरवर चालणारे कोळशाचे केंद्र विजेच्या प्रत्येक युनिटमागे साधारण दोन ते तीन लिटर पाणी उडवते. म्हणून वाचलेल्या विजेबरोबर दूर कोठेतरी पाणीही वाचते. दुसरे असे, की टॉवरला पिण्याच्या पाण्याची गरज नसते. इमारतीच्या सांडपाणी प्रक्रियेतून निघालेले पाणी योग्य गाळणी व रसायने वापरून टॉवरमध्ये चालते, आणि तसे केल्यास ताज्या पाण्याचा प्रश्न बराचसा मिटतो. टॉवरच्या स्वच्छतेत हयगय केल्यास लेजिओनेला जिवाणूचा धोका असतो, हे १९७६ मधील फिलाडेल्फियाच्या प्रकरणापासून जगाला ठाऊक आहे. जेथे टॉवरकडे नियमित लक्ष देणारा माणूस मिळणार नाही, तेथे टॉवर बसवू नये. हवेने थंड होणारा चिलर हा मधला मार्ग आहे. त्याची वीज जास्त लागते, पण पाणी आणि टॉवर दोन्ही टळतात.

आता तिसरी वाट, शीतकाची. माझा निर्णय येथे झाला, म्हणून येथे थोडे थांबतो.

व्हीआरएफ यंत्रणांत बरीच वर्षे आर-४१०ए हे शीतक वापरले गेले. त्याने ओझोनच्या थराला धोका नाही, आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जुने आर-२२ मागे पडत गेले तेव्हा ते पुढे आले. आउटडोअर युनिटवर हिरव्या पानाचे चित्र आणि ‘ओझोनस्नेही’ असा मजकूर असतो, आणि पाहणाऱ्याची समजूत होते की पर्यावरणाचा प्रश्न सुटला. तापमानवाढीच्या बाबतीत मात्र आर-४१०ए हे ज्याच्या जागी आले त्याच्याहून वाईट आहे: शंभर वर्षांच्या मापाने आर-२२ चा प्रभाव कार्बन डायऑक्साइडच्या १,८१० पट, तर आर-४१०ए चा २,०८८ पट. वीस वर्षांचे माप घेतले, तर तो ४,००० पटींच्याही वर जातो. नव्या यंत्रणांत आर-३२ येऊ लागले आहे, त्याचा आकडा ६७५ आहे. सुधारणा मोठी आहे, पण ते मंद ज्वलनशील असल्यामुळे खोलीतील प्रमाणावर अधिक बंधने येतात.

आकड्यांपेक्षा मला छळले ते या वायूच्या जागेने. चिलरमध्ये सगळे शीतक एका खोलीत, एका यंत्रात, कारखान्यात जोडलेल्या सांध्यांमागे असते. व्हीआरएफमध्ये तेच शीतक इमारतभर पसरलेले असते: शाफ्टमधून, फॉल्स सीलिंगच्या वरून, नळीला फाटा देणाऱ्या प्रत्येक वाय जॉइंटमधून आणि प्रत्येक इनडोअर युनिटच्या दोन फ्लेअर नटांमधून (नळीचे तोंड पसरवून आवळलेल्या सांध्यांमधून). हे सांधे जागेवर, शिडीवर उभे राहून, मुदत संपत आलेली असताना केलेले असतात. बहुसंख्य चांगलेच असतात. पण शेकडो सांध्यांपैकी दोन-चार कच्चे राहिले तरी पुरते. व्यापारी इमारतीत भाडेकरू बदलतात, आणि प्रत्येक नवा भाडेकरू आपला इंटेरिअरवाला घेऊन येतो. तो केबिनच्या भिंती हलवतो, छतातले कॅसेट युनिट दोन मीटर सरकवतो, नळी कापतो, पुन्हा फ्लेअर करतो. सुतार छताला स्क्रू मारतो तेव्हा वर काय आहे हे त्याला दिसत नसते.

गळती एकदम झाली असती तर बरे झाले असते. ती हळूहळू होते. शीतक थोडे कमी झाले की यंत्रणा तक्रार करत नाही. कॉम्प्रेसर वेग वाढवतो, व्हॉल्व अधिक उघडतात, खोली थंड राहते आणि वीज वाढते. मग उकाडा वाढतो, भार चढतो, आणि अचानक अर्ध्या मजल्यावर थंडावा पुरत नाही. आमच्याकडे देखभाल करणाऱ्या कंपनीचा मेकॅनिक येई, दाब पाही, गॅस कमी असल्याचे सांगे, वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून गॅस भरी, आणि संध्याकाळपर्यंत सगळे सुरळीत होई. गळती कोठे आहे असे विचारल्यावर मिळणारे उत्तर बरोबर असे आणि निरुपयोगीही: ती शोधायची तर संपूर्ण यंत्रणेतील गॅस काढून नायट्रोजनचा दाब द्यावा लागेल, ती यंत्रणा ज्या ज्या मजल्यांना जोडली आहे त्या सगळ्या मजल्यांवरील छत उघडावे लागेल आणि तोवर तेवढ्या भागाचे वातानुकूलन बंद राहील. याला कोणताही भाडेकरू तयार होत नाही. गॅस भरण्याचा खर्च किरकोळ देखभालीत बसतो, छत उघडण्याचा बसत नाही. म्हणून गॅस भरला जातो.

याला आर-४१०ए चा एक गुणधर्म हातभार लावतो. हे आर-३२ आणि आर-१२५ यांचे समसमान मिश्रण आहे, आणि दोन्ही घटक जवळपास एकाच प्रमाणात निसटत असल्यामुळे गळतीनंतर उरलेल्या मिश्रणाचे प्रमाण फारसे बिघडत नाही. काही मिश्रणांत गळतीनंतर उरलेला गॅस काढून टाकून पूर्ण नवा भरावा लागतो, आणि त्या निमित्ताने दुरुस्ती होते. येथे नुसता वरून भरला तरी यंत्र निमूट चालते. दुरुस्ती पुढे ढकलण्यास तांत्रिक अडचण कोणतीच नसते, आणि जे पुढे ढकलता येते ते व्यापारी इमारतीत पुढे ढकलले जाते.

हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, दोनशे टनांच्या व्हीआरएफमध्ये एकूण ४०० किलो शीतक आहे आणि वर्षाला त्यातले ५ टक्के, म्हणजे २० किलो, निसटते. आर-४१०ए असेल तर हा भार कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ४२ मेट्रिक टनांइतका होतो. त्याच यंत्रणेला वर्षाला तीन लाख युनिट वीज लागते असे धरले, आणि ती सगळी कोळशावरील केंद्रातून युनिटमागे साधारण १ किलो उत्सर्जन करून आली, तर विजेचा भार ३०० मेट्रिक टन होतो. म्हणजे वीजच मोठी, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु वीजपुरवठा निम्मा स्वच्छ झाला की तोच भार १५० वर येतो, आणि ४२ मात्र ४२ च राहतात. गच्चीवर सौर पॅनेल लावून आपली इमारत स्वच्छ झाली असे मानणाऱ्या व्यवस्थापनाने छताच्या वरच्या नळ्यांचा हिशेब एकदा मांडून पाहावा. ५ टक्क्यांचे गृहीत माझे आहे. चांगल्या बसवलेल्या यंत्रणेत गळती याहून बरीच कमी असू शकते, आणि जिच्याशी माझी गाठ पडली तिच्यात ती याहून कमी होती असे मला कधी वाटले नाही.

सुरक्षेची बाजूही याच्याशी जोडलेली आहे. ॲशरे या अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकात आर-४१०ए साठी माणसांच्या वावराच्या जागेतील मर्यादा घनमीटरमागे सुमारे ०.४२ किलो दिलेली आहे. तीन मीटर लांब-रुंद आणि पावणेतीन मीटर उंच केबिनचे आकारमान पंचवीस घनमीटरही भरत नाही. तेथे दहा किलोंच्या आसपास मर्यादा ओलांडली जाते, आणि त्या केबिनमधून जाणाऱ्या यंत्रणेत एकूण गॅस याहून अधिक असणे नेहमीचेच आहे. हा वायू विषारी नाही, पण तो प्राणवायूची जागा घेतो आणि त्याला वास नसतो. प्रत्यक्षात दुर्घटना विरळाच. तरी लहान बंद खोल्या असलेल्या इमारतीत यंत्रणांचे विभाजन करताना हा हिशेब केला पाहिजे, आणि तो केलेला मी क्वचितच पाहिला आहे.

चिलर याबाबतीत निर्दोष नाही. सेफ्टी व्हॉल्व उडाला तर शेकडो किलो शीतक एका फटक्यात जाऊ शकते, आणि वातावरणाहून कमी दाबावर चालणाऱ्या यंत्रांत बाहेरची हवा आत शिरते, ती काढताना थोडे शीतकही जाते. फरक असा, की हे सगळे एका खोलीत घडते. आमच्या प्लांट रूममध्ये जमिनीलगत गॅस डिटेक्टर आहे, कारण ही शीतके हवेहून जड असतात. तो वाजला की एकच खोली तपासायची असते, मेकॅनिक उभा राहून, पुरेशा उजेडात काम करतो, आणि भाडेकरूची परवानगी कोणाला मागावी लागत नाही. मजल्यांवर नळी फुटली तर पाणी गळते. पाणी गळले की छताचा बोर्ड भिजतो, त्यावर डाग पडतो, ते फायलींवर ठिबकते, आणि तासाभरात तीन जणांचे फोन येतात. ही कटकट आहे, आणि व्हीआरएफचे विक्रेते तिच्यावर नेमके बोट ठेवतात. मला मात्र अशी गळती अधिक पसंत आहे जी स्वतःहून कळते आणि जिच्यामुळे वातावरणात काही जात नाही.

येथे पुढील पंधरा-वीस वर्षांचा विचार येतो. १५ ऑक्टोबर २०१६ रोजी किगाली येथे माँट्रियल करारात दुरुस्ती झाली आणि ती १ जानेवारी २०१९ पासून लागू झाली. तिच्यानुसार विकसित देशांनी या हायड्रोफ्लुरोकार्बन वायूंचा वापर २०३६ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवायचा आहे, आणि विकसनशील देशांच्या दोन गटांना अनुक्रमे २०४५ पर्यंत ८० टक्क्यांनी व २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी. आज बसवलेली यंत्रणा या उताराच्या मधोमध जगणार आहे. चिलर बदलायचा तर प्लांट रूममधील एक यंत्र बदलावे लागते. मजल्यांवरील पाण्याच्या नळ्यांना, एएचयूंना आणि कॉइलना चिलरमध्ये कोणता गॅस आहे याच्याशी काही देणेघेणे नसते. आजच आर-१२३३झेडडी किंवा आर-१२३४झेडई अशा, एक आकडी प्रभाव असलेल्या शीतकांवर चालणारे चिलर मिळतात. अमोनियासारखे विषारी पण तापमानवाढीत शून्य वाटा असलेले शीतकसुद्धा योग्य प्लांट रूममध्ये ठेवता येते, कारण माणसांपर्यंत पोहोचते ते फक्त पाणी. व्हीआरएफमध्ये शीतक बदलणे म्हणजे सहसा आउटडोअर युनिटांबरोबर इनडोअर युनिटे आणि अनेकदा नळ्याही बदलणे. त्यात जुना गॅस सिलिंडरमध्ये परत भरून घेतला जाईल की नटाला पाना लावून हवेत सोडला जाईल, हे त्या दिवशी गच्चीवर कोण उभे आहे यावर ठरते.

एवढे सांगूनही काही इमारतींत व्हीआरएफच घ्यावी असे माझे मत आहे. मजले वेगवेगळ्या मालकांना विकले जाणार असतील आणि सामाईक प्लांट चालवणारी खमकी व्यवस्था नसेल, तर चिलर दोन-चार वर्षांत बेवारस होतो. ऑपरेटरविना चालणारा प्लांट व्हीआरएफहून अधिक वीज खातो आणि टॉवर रोगाचे घर बनतो. पाण्याची खरोखर टंचाई असेल, किंवा स्लॅबची उंची इतकी कमी असेल की डक्ट आणि पाण्याच्या मोठ्या नळ्या बसणारच नाहीत, तरी तेच. वापर अत्यंत विस्कळीत असेल, म्हणजे काही खोल्या रोज आणि काही महिन्यातून दोनदा, तर व्हीआरएफची वाचवलेली वीज शीतकाच्या तोट्यावर मात करू शकेल. ज्या हवामानात इमारतीच्या एका बाजूला गरमी आणि दुसऱ्या बाजूला थंडी एकाच वेळी हवी असते, तेथे एका खोलीतली उष्णता काढून दुसरीला देणारी व्हीआरएफ खरोखर उपयोगी आहे.

अशा इमारतीत ती घेताना एक मोठी यंत्रणा चार मजल्यांवर न पसरवता प्रत्येक मजल्याला लहान स्वतंत्र यंत्रणा द्यावी, म्हणजे एका गळतीने जाणारा गॅसही कमी आणि शोधण्याची जागाही कमी. प्रत्येक भाडेकरूच्या हद्दीवर बंद करता येणारे व्हॉल्व बसवावेत, जेथे शक्य तेथे फ्लेअरऐवजी ब्रेझिंग (वितळलेल्या धातूने सांधा जोडणे) करावे, ब्रेझिंग चालू असताना नळीतून नायट्रोजन फिरवण्याचा आग्रह धरावा, आणि सुमारे ६०० पीएसआय दाबावर २४ तास दाब टिकल्याचे स्वतः पाहिल्याशिवाय छत बंद करू देऊ नये. भाडेकराराच्या मसुद्यात एक कलम असावे, की इंटेरिअरच्या कामात शीतकाच्या नळीला हात लावायचा असेल तर इमारतीच्या मान्यताप्राप्त माणसाकडूनच, आणि नंतर पुन्हा दाबचाचणी. शीतक आर-३२ असल्यास बरे.

चिलर घेणाऱ्याने तो लहान तिसरा चिलर निविदेतून उडू देऊ नये, कंडेन्सरच्या नळ्या वर्षातून एकदा तरी ब्रशने साफ करून घ्याव्यात, कारण क्षाराच्या पातळ थरानेही कॉम्प्रेसरवरील ताण वाढतो, आणि एएचयूला बाहेरची हवा पूर्ण क्षमतेने घेण्याची सोय ठेवावी. बाहेरची हवा गार असेल तेव्हा कॉम्प्रेसर न चालवता इमारत थंड ठेवणे हा फायदा खोल्याखोल्यांत कॅसेट असलेल्या इमारतीला सहज मिळत नाही, आणि मी त्याचा आधी पुरेसा उल्लेख केला नाही. आमच्या इमारतीत वर्षाचा बराच काळ सकाळचे दोन-तीन तास त्यावर निघतात. मात्र त्यासाठी डॅम्परच्या (हवेच्या झडपांच्या) मोटरी चालू असाव्या लागतात, आणि त्या बंद पडल्याचे महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही, हीदेखील चिल्ड वॉटरच्या इमारतींची नेहमीची कथा आहे.

ज्यांचा निर्णय अजून व्हायचा आहे त्यांना माझी एकच सूचना आहे. दोन्ही विक्रेत्यांना, त्यांनी पाच वर्षांपूर्वी बसवलेली आणि आजही देखभाल करत असलेली एकेक इमारत दाखवायला सांगावे, आणि तेथील व्यवस्थापकाकडे विजेच्या बिलांबरोबर गॅस भरल्याची बिलेही मागावीत. चिलरच्या इमारतीत ती फाईल बहुधा पातळ निघेल किंवा एकाच मोठ्या दुरुस्तीची निघेल. व्हीआरएफच्या इमारतीत गॅसची बिले ‘किरकोळ देखभाल’ या शीर्षकाखाली विखुरलेली असतात, त्यामुळे किलोचा आकडा प्रत्येक बिलावरून स्वतः उतरवून घ्यावा लागेल. त्या आकड्याला २,०८८ ने, किंवा आर-३२ असल्यास ६७५ ने, गुणून मगच विजेच्या युनिटांशी तुलना करावी.